शल्यगुरू हॉल्स्टेड

पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोणतीही विद्या स्वतःच्या हातांनी केल्यावाचून अंगी मुरत नाही, हा त्या म्हणीचा अर्थ. नवशिक्या कुंभाराचे पहिले मडके चाकावरच वाकडे होते. तो ती माती पुन्हा कालवतो आणि दुसरे मडके घडवू लागतो. नवशिक्या शिंप्याची कात्री चुकली, तर हातभर कापड वाया जाते. शस्त्रवैद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्यापुढे जिवंत माणसाचा देह असतो, आणि तेथे झालेली चूक माती कालवावी तशी कालवून नाहीशी करता येत नाही. मग नव्या शस्त्रवैद्याने आपली पहिली शस्त्रक्रिया करावी तरी कोणावर? आणि ती त्याने कधीच केली नाही, तर आजचे कुशल शस्त्रवैद्य वृद्ध झाल्यावर उद्याच्या रुग्णांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

हा पेच फार जुना आहे. आपल्या देशात सुश्रुताने त्याचा विचार केला होता. शिष्याने प्रथम भोपळा, कोहळा, कलिंगड अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा आणि कमळाच्या देठावर वेध घेण्यास शिकावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. परंतु फळावरचा सराव पुरा झाल्यावर प्रत्यक्ष रुग्णापर्यंत शिष्याला कसे न्यावे, त्याला किती मोकळीक द्यावी आणि रुग्णाचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न पुढेही उरतोच. अर्वाचीन काळात ह्या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, त्यांत विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड ह्या अमेरिकन शस्त्रवैद्याचे नाव अग्रभागी येते.

विल्यमचा जन्म न्यूयॉर्क शहरात २३ सप्टेंबर १८५२ रोजी झाला. वडील धनवान व्यापारी होते. घरी कशाचीच ददात नव्हती. लहानपणी त्याचे शिक्षण घरीच झाले व पुढे त्याला वसतिगृहाच्या शाळेत पाठविण्यात आले. १८७० साली तो येल येथील महाविद्यालयात दाखल झाला. तेथे त्याची कीर्ती झाली ती अभ्यासाबद्दल नव्हे, तर खेळाबद्दल! तो फुटबॉलच्या संघाचा कर्णधार होता. पुस्तकांशी त्याचा फारसा परिचय असावा, असे त्याच्या सोबत्यांना कधी वाटले नाही. परंतु शेवटच्या वर्षी त्याच्या हाती शरीररचनेचा आणि शरीरक्रियेचा एकेक ग्रंथ पडला आणि त्याचे सारे चित्त त्या विषयात गुंतले. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या ह्यांची ती अद्भुत रचना पाहून, आपण वैद्यच व्हायचे, असा त्याने निश्चय केला. १८७४ साली तो न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि १८७७ साली उत्तम रीतीने पदवीधर झाला. खेळाच्या मैदानावरचा तो उमदा तरुण आता रात्रंदिवस अभ्यास करू लागला होता.

त्या काळी शस्त्रवैद्यक मोठ्या संक्रमणातून जात होते. १८४६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करण्यात आली होती. त्यापूर्वी रुग्णाला घट्ट धरून ठेवावे लागे आणि शस्त्रवैद्याचे सारे कौशल्य त्याच्या वेगात असे. रुग्णाच्या वेदना शक्य तितक्या लवकर संपाव्यात, ह्याहून मोठी दया तेव्हा शक्यच नव्हती. पुढे १८६७ साली जोसेफ लिस्टर ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने जंतुनाशक औषधांनी जखमा स्वच्छ ठेवण्याची रीत जगापुढे मांडली. परंतु ह्या नव्या विचारावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. रोजचाच कोट अंगावर ठेवून, न धुतलेल्या हातांनी शस्त्रक्रिया करणारे वैद्य मोठमोठ्या रुग्णालयांतून आढळत. शस्त्रक्रिया यशस्वी होई आणि नंतर जखम सडून रुग्ण दगावे.

शिक्षणाची स्थितीही अशीच होती. वैद्यकीय महाविद्यालयात मुख्यतः व्याख्याने होत. विद्यार्थी दूर बाकांवर बसून शस्त्रक्रिया पाहत. पदवी मिळाल्यावर काही थोड्या तरुणांना वर्ष-दीड वर्ष रुग्णालयात उमेदवारी करावयास मिळे. बाकीचे सरळ आपापल्या गावी जाऊन व्यवसाय थाटीत. अशा तरुणापुढे एखादा अवघड रुग्ण आला, तर त्याला आपला पहिला धडा त्या रुग्णाच्या देहावरच गिरवावा लागे. चूक झाली तर ती दाखविणारा गुरू जवळ नसे, आणि हात थरथरला तर तो सावरणारा दुसरा हातही नसे. ह्या अज्ञानाची किंमत रुग्णाला मोजावी लागे.

हॉल्स्टेड १८७८ च्या शरद ऋतूत युरोपास गेले. सुमारे दोन वर्षे व्हिएन्ना व जर्मनीतील निरनिराळ्या विद्यापीठांत राहून त्यांनी नामांकित शस्त्रवैद्यांची कामे जवळून पाहिली. व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोट ह्या थोर शस्त्रवैद्याचे विद्यालय होते. तेथे त्यांना एक नवीनच गोष्ट दिसली. बिलरोट ह्यांचे सहायक वर्षानुवर्षे गुरूंच्या सान्निध्यात राहत. ते प्रयोगशाळेत काम करीत, गुरूंना शस्त्रक्रियेत साहाय्य करीत आणि हळूहळू स्वतः शस्त्रक्रिया करू लागत. असे तयार झालेले शिष्य पुढे इतर विद्यापीठांत आचार्य होत. हे दृश्य हॉल्स्टेड ह्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

१८८० साली ते न्यूयॉर्कला परतले. पुढील चारपाच वर्षे त्यांच्या उत्साहाला सीमा नव्हती. ते एकाच वेळी अनेक रुग्णालयांत काम करीत आणि शिवाय सायंकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग घेत. बेलव्ह्यू रुग्णालयातील जुन्या शस्त्रक्रियागृहात स्वच्छतेची रीत पाळणे अशक्य आहे, असे दिसताच त्यांनी मित्रांकडून पैसा उभा केला आणि रुग्णालयाच्या आवारात स्वतंत्र तंबू उभारून त्यात शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या धाडसाची आणि तत्परतेची दोन उदाहरणे त्यांच्या घरातीलच आहेत. १८८१ साली त्यांच्या बहिणीला प्रसूतीनंतर अतिशय रक्तस्राव झाला. ती जवळजवळ गतप्राण झाली होती. हॉल्स्टेड ह्यांनी स्वतःच्या शिरेतील रक्त पिचकारीने काढून तिच्या शिरेत घातले आणि तिचे प्राण वाचविले. रक्ताचे निरनिराळे गट असतात, हा शोध त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी लागला. तेव्हा ह्या यशात दैवाचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पुढच्याच वर्षी त्यांची आई पित्ताशयाच्या विकाराने अत्यवस्थ झाली. हॉल्स्टेड ह्यांनी रात्रीच्या वेळी घरातच तिच्यावर शस्त्रक्रिया केली व आतील पू आणि खडे काढून टाकले. आई बरी झाली.

अशा यशाच्या शिखरावर असताना त्यांच्या आयुष्यात मोठे संकट आले. १८८४ साली कोकेन ह्या द्रव्याने डोळ्याचा भाग बधिर करता येतो, असे व्हिएन्ना येथील कार्ल कोलर ह्या तरुण वैद्याने दाखवून दिले. हे कळताच हॉल्स्टेड व त्यांचे सहकारी ह्यांनी त्या द्रव्याचे प्रयोग आरंभिले. मज्जातंतूच्या लगत ते टोचले, तर त्या तंतूच्या कक्षेतील सारा भाग बधिर होतो, हे त्यांनी सिद्ध केले. आज दात काढताना दंतवैद्य हिरडीत औषध टोचतो, त्या रीतीचा उगम ह्या प्रयोगांत आहे. परंतु हे प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावर केले. कोकेनचे भयंकर व्यसन जडते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ज्ञानाच्या शोधात निघालेले ते तरुण त्या पाशात सापडले. त्यांच्यापैकी कित्येकांची आयुष्ये धुळीस मिळाली. हॉल्स्टेड ह्यांचे काम बंद पडले, वर्ग ओस पडले आणि दोन वेळा त्यांना कित्येक महिने रुग्णालयात राहावे लागले. उपचार म्हणून त्यांना मॉर्फीन देण्यात आले आणि त्याचेही बंधन त्यांना जडले. ह्या बंधनातून ते पूर्णपणे कधीच सुटले नाहीत. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर ह्यांनी लिहून ठेवलेली ही हकिकत त्यांच्या मृत्यूनंतर फार वर्षांनी, १९६९ साली, प्रसिद्ध झाली. ज्या मनुष्याने इतरांच्या वेदना दूर केल्या, त्याने हे दुःख आयुष्यभर एकट्याने वाहिले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचे भवितव्य संपले, असेच सर्वांना वाटले. परंतु विल्यम वेल्श ह्या मित्राने त्यांचा हात सोडला नाही. वेल्श हे बॉल्टिमोर शहरात रोगविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या शहरातील जॉन्स हॉपकिन्स नावाच्या व्यापाऱ्याने १८७३ साली मृत्युसमयी आपली सत्तर लाख डॉलर्सची संपत्ती विद्यापीठ व रुग्णालय ह्यांसाठी ठेवली होती. रुग्णालयाची इमारत अद्याप पुरी व्हावयाची होती. वेल्श ह्यांनी १८८६ च्या डिसेंबरात हॉल्स्टेड ह्यांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले.

तेथे हॉल्स्टेड ह्यांनी आतड्याला टाके कसे घालावेत, ह्या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास केला. आतड्याची भिंत अनेक पदरांची असते. त्यांतील एका पातळ पण चिवट पदरात टाका धरला तरच तो टिकतो, नाहीतर सुटून येतो, हे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले. ह्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले हॉल्स्टेड पूर्वीचे राहिले नव्हते. न्यूयॉर्कचा तो धाडसी, वेगवान शस्त्रवैद्य आता अत्यंत सावध आणि सावकाश काम करू लागला होता. भूल देण्याची सोय असल्यामुळे आता घाईचे कारणच उरले नाही; घाईने रुग्णाचे नुकसान मात्र होते, अशी त्यांची खात्री झाली होती. शरीराचा लहानसा कणही चिरडू नये, प्रत्येक रक्तवाहिनी बारीक चिमट्याने धरून रक्तस्राव थांबवावा, बारीक रेशमाचे टाके घालावेत आणि जखम पदरापदराने जुळवावी, असे त्यांचे नियम होते. त्यांची शस्त्रक्रिया कित्येक तास चाले. पाहणाऱ्यास कंटाळा येई, परंतु जखम स्वच्छ भरून येई.

ह्या सावकाशीचा आणखी एक मोठा लाभ झाला. विजेसारखी चालणारी सुरी पाहून विद्यार्थी थक्क होतो, पण शिकत काहीच नाही. सावकाश आणि पायरीपायरीने केलेले काम त्याला समजते, आणि जे समजते ते त्याला स्वतः करून पाहता येते. हॉल्स्टेड ह्यांच्या हातांत जे कौशल्य होते, ते अशा रीतीने दुसऱ्याच्या हातांत उतरविण्याजोगे झाले.

१८८९ च्या मे महिन्यात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. हॉल्स्टेड ह्यांची पूर्वस्थिती ठाऊक असल्यामुळे प्रथम त्यांना तात्पुरते नेमण्यात आले. १८९० साली ते मुख्य शस्त्रवैद्य झाले आणि १८९२ साली शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक. व्हिएन्ना येथे पाहिलेले बीज त्यांनी येथे पेरले आणि आपल्या कल्पनेप्रमाणे ते वाढविले.

त्यांची योजना अशी होती. नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाला प्रथम रुग्णालयात उमेदवार म्हणून घ्यावयाचे. त्याने रुग्णाची तपासणी करावी, नोंदी ठेवाव्यात, जखमा बांधाव्यात. त्यांतून निवडलेल्या थोड्यांना सहायक नेमावयाचे. सहायकांनी रुग्णालयातच राहावे, प्रयोगशाळेत संशोधन करावे, वरिष्ठांच्या शस्त्रक्रियांत हातभार लावावा आणि योग्यता वाढेल तसतशी लहानमोठी कामे त्यांच्या देखरेखीखाली स्वतः करावीत. ह्या सहायकांतून एकास मुख्य निवासी शस्त्रवैद्य करावयाचे. त्याने मोठ्या शस्त्रक्रिया स्वतःच्या जबाबदारीवर कराव्यात आणि आपल्या हाताखालच्यांना शिकवावे. सुमारे सहा वर्षे सहायक आणि दोन वर्षे मुख्य निवासी, असा हा एकंदर आठ वर्षांचा काळ असे. मात्र त्याचा शेवट पंचांग पाहून ठरत नसे. गुरूंची खात्री पटेल तेव्हाच पुढची पायरी मिळे. ज्याची योग्यता सिद्ध होत नसे, त्याला मध्येच थांबावे लागे.

१९०४ साली येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ही योजना सविस्तर मांडली. ज्या महाविद्यालयात एके काळी ते खेळाडू म्हणून प्रसिद्ध होते, तेथेच आता ते आचार्य म्हणून उभे होते. केवळ शस्त्रवैद्य निर्माण करणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. इतरांना शिकवतील आणि विद्येत भर घालतील, असे शस्त्रवैद्य त्यांना हवे होते.

ह्या योजनेत रुग्णाचे हित कसे साधले जाई, हे नीट पाहण्यासारखे आहे. नवशिक्याच्या हाती एकदम सुरी येत नसे. तो आधी शेकडो शस्त्रक्रिया पाही, नंतर चिमटा धरी, नंतर टाका घाली आणि मग छेद घेई. प्रत्येक पायरीवर त्याच्यापेक्षा एक पायरी वर असलेला कोणी तरी त्याच्या शेजारी उभा असे. रात्री-अपरात्री रुग्णाची प्रकृती बिघडली, तर रुग्णालयातच राहणारा शस्त्रवैद्य क्षणात त्याच्यापाशी येऊन पोहोचे. शिकाऊ मनुष्य जवळ असणे ही रुग्णाच्या दृष्टीने भीतीची गोष्ट न राहता आधाराची गोष्ट झाली. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचा स्वतंत्र अभ्यासक्रमही तेथे सुरू झाला. त्यात भूल दिलेल्या प्राण्यांवर माणसांप्रमाणेच काळजीपूर्वक शस्त्रक्रिया करून शिकावे लागे.

शिष्यांमुळे रुग्णांचे किती कल्याण होऊ शकते, ह्याचे एक सुंदर उदाहरण रबरी हातमोज्यांचे आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यात शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन ह्यांच्या हातांची कातडी रसकापराच्या जंतुनाशक पाण्याने सोलवटून निघू लागली. त्यांना काम सोडावे लागेल, अशी वेळ आली. तेव्हा हॉल्स्टेड ह्यांनी एका रबराच्या कारखान्याकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. त्रास थांबला. पुढे १८९० च्या जून महिन्यात ह्या दोघांचा विवाह झाला. हळूहळू सहायकही हातमोजे वापरू लागले, परंतु हातांचे रक्षण एवढाच त्यांचा हेतू होता. शस्त्रक्रिया करणारा मुख्य शस्त्रवैद्य बहुधा उघड्या हातांनीच काम करी. हॉल्स्टेड ह्यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड निवासी शस्त्रवैद्य झाले, तेव्हा त्यांनी प्रत्येक शस्त्रक्रियेत सर्वांनीच हातमोजे घालण्याचा प्रघात पाडला. अंतर्गळ म्हणजे हर्निया ह्या विकारावरील साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि हातमोजे वापरल्यापासून जखमा चिघळण्याचे प्रमाण फारच कमी झाले आहे, असे १८९९ साली दाखवून दिले. हातमोजे गुरूंनी आणले खरे, पण त्यांचे मर्म शिष्याने ओळखले. इतकी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, ह्याचे हॉल्स्टेड ह्यांनी पुढे मोकळेपणाने आश्चर्य व्यक्त केले. ज्या ठिकाणी नोंदी नीट ठेवल्या जातात आणि शिष्याला विचार करण्याची मोकळीक असते, त्या ठिकाणी गुरूही शिकत राहतो.

हॉल्स्टेड ह्यांचा स्वभाव मात्र सहज उमगणारा नव्हता. ते मितभाषी आणि एकांतप्रिय होते. पोशाखाच्या बाबतीत ते इतके काटेकोर होते की, आपले सदरे धुण्यासाठी थेट पॅरिसला पाठवीत! उन्हाळ्यात ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातील आपल्या घरी जात आणि डेलियाच्या फुलझाडांची जोपासना करीत. शिष्यांची ते तोंडावर क्वचितच स्तुती करीत. पुष्कळदा ते रुग्णालयात नसत आणि अशा वेळी सारा भार निवासी शस्त्रवैद्यावर पडे. हार्वे कुशिंग ह्या तेजस्वी शिष्याला कधी कधी ह्याचा त्रास होई. परंतु त्याच मोकळिकीतून त्याचे सामर्थ्य वाढले आणि पुढे मेंदूवरील शस्त्रक्रियेचा तो आद्य प्रणेता ठरला. वॉल्टर डँडी ह्यानेही त्याच क्षेत्रात कीर्ती मिळविली. ह्यू यंग ह्याने मूत्रमार्गाच्या विकारांवरील शस्त्रक्रियेत, तर सॅम्युएल क्रो ह्याने कान-नाक-घशाच्या विद्येत नवी वाट पाडली. शिष्याचा कल ओळखून त्याला योग्य ते क्षेत्र नेमून द्यावे आणि मग त्याच्या वाटेतून बाजूला व्हावे, ही गुरूची दुर्मिळ कला हॉल्स्टेड ह्यांना साधली होती.

त्यांच्या साऱ्याच गोष्टी निर्दोष होत्या, असे नाही. स्तनाच्या कर्करोगावरील त्यांची मोठी शस्त्रक्रिया अनेक वर्षे आदर्श मानली जाई. तिच्यात पुष्कळ भाग काढून टाकावा लागे. पुढच्या संशोधनाने सौम्य उपाय तितकेच गुणकारी ठरविले आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. त्यांच्या शिक्षणक्रमातही कठोरपणा होता. निवासी शस्त्रवैद्यांना वर्षानुवर्षे घरदार विसरून रुग्णालयातच राहावे लागे आणि विश्रांती फार थोडी मिळे. थकलेल्या हातून चूक होते, हे सत्य पुढील काळात लोकांच्या ध्यानी आले. म्हणून अमेरिकेत २००३ साली निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घालण्यात आली.

एक कसोटी अशी असते की, जिच्यापुढे शब्दांचे काही चालत नाही. शिक्षकाने शिकविलेल्या विद्येवर त्याचा स्वतःचा विश्वास किती, हे त्याच्यावर प्रसंग आल्यावरच कळते. हॉल्स्टेड ह्यांच्यावर असा प्रसंग दोन वेळा आला. ज्या विकारातून त्यांनी आईला वाचविले होते, तोच पित्ताशयाचा विकार त्यांना उतारवयात जडला. १९१९ साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी आपला देह रिचर्ड फॉलिस ह्या आपल्याच शिष्याच्या स्वाधीन केला. तीन वर्षांनी दुखणे उलटले. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ते बॉल्टिमोरच्या आपल्या रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल झाले. जॉर्ज ह्युअर व माँट रीड हे त्यांचे दोन शिष्य सिनसिनाटी येथे मोठ्या पदांवर गेले होते. ते धावत आले. ज्या गुरूच्या शेजारी उभे राहून त्यांनी पहिल्यांदा चिमटा धरला होता, त्या गुरूवर आता त्यांना सुरी चालवावयाची होती. त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. शस्त्रक्रिया झाली, परंतु वृद्ध आणि थकलेल्या देहाला पुढील दुखणे सोसले नाही. फुप्फुसाचा दाह होऊन ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. सत्तरावा वाढदिवस अवघ्या सोळा दिवसांवर आला होता.

मृत्यू कोणत्याही शस्त्रवैद्याला कायमचा जिंकता आलेला नाही. परंतु जगातील कोणताही नामांकित शस्त्रवैद्य बोलावणे शक्य असताना ह्या आचार्याने आपल्या शिष्यांच्या हाती स्वतःचा देह दिला, ह्यात त्याच्या साऱ्या आयुष्याचे सार आहे. शिष्याला असे घडवावे की, वेळ आल्यावर आपण निःशंक मनाने त्याच्यापुढे रुग्ण म्हणून जावे, ही शिकवणाऱ्याची खरी परीक्षा होय. हॉल्स्टेड तीत उतरले.

तेहतीस वर्षांच्या काळात हॉल्स्टेड ह्यांच्या हाताखाली केवळ १७ मुख्य निवासी शस्त्रवैद्य तयार झाले. ही संख्या फार लहान वाटते. परंतु त्यांपैकी ११ जणांनी इतर ठिकाणी अशाच शिक्षणसंस्था उभारल्या आणि तेथून आणखी १६६ मुख्य निवासी शस्त्रवैद्य बाहेर पडले. एका ज्योतीने दुसरी लावावी आणि दुसरीने तिसरी, तशी ही परंपरा पसरत गेली. आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांतही ‘निवासी डॉक्टर’ हा शब्द रूढ आहे. वैद्यकीय पदवीनंतर शस्त्रवैद्यक शिकण्यासाठी जे तरुण-तरुणी तीन वर्षे रुग्णालयात रात्रंदिवस राबतात, ते ह्याच परंपरेतील शिष्य होत.

शिकाऊ शस्त्रवैद्याचा हात लागल्याने रुग्णाचे नुकसान तर होत नाही ना, हा प्रश्न आजही आवर्जून विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. अलीकडच्या काळात हजारो शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. शिकाऊ हात सोबत असला तर शस्त्रक्रियेस काहीसा अधिक वेळ लागतो आणि काही वेळा किरकोळ त्रास थोडा वाढलेला दिसतो; परंतु अनुभवी गुरूची नजर त्या हातावर असेल, तर रुग्णाच्या जिवाचा धोका एकंदरीत वाढत नाही, असे त्यांतील पुष्कळ पाहण्यांत आढळून आले आहे. आज प्रथम कृत्रिम प्रतिकृतींवर व यंत्रांवर सराव करण्याची सोय आहे. सुश्रुताच्या भोपळ्याने आता नवे रूप घेतले आहे, एवढेच!

पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, हे खरे. परंतु पोहायला शिकणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि त्या दोराचे दुसरे टोक जाणत्या माणसाच्या हाती असावे. तो दोर केव्हा आवळून धरावा, केव्हा सैल सोडावा आणि केव्हा सोडून द्यावा, हे ज्याला कळते तोच खरा गुरू. विल्यम हॉल्स्टेड ह्यांना ते कळले होते.